कमरेला खोचलेलं खोडरबर

"दे ते हिकडं, हितं खोडायचं न्हाय," म्हणत बालवाडीच्या बाई कुणाच्याही हातातलं खोडरबर काढून घेत आणि सरळ कमरेला खोचत. धाकट्या बहिणीला घेऊन मी तिथं बसू लागले, त्या पहिल्याच दिवशी माझंही गेलं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. जरा ओशाळले.

बाई दिघाशी गावाहून आमच्या निजामपुऱ्याच्या वस्तीत येत. बालवाडी म्हणजे दोन लूम-कारखान्यांच्या मधली एक खोली. मागांची खटखट एवढी, की बोलायचं तर ओरडूनच. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर मुलं चित्रं काढत आणि बाई ती, सुताला खळ देतात त्या सायझिंगमधून आणलेल्या खळीनं भिंतीला चिकटवत. चित्र दाखवलं की त्या 'छान' म्हणत नसत. समोर फतकल मारून विचारत, "मंग? फुडं काय झालं?"

"बाई, ये बकरी है. अब्बा की लुंगी खा गई!"

"अरे देवा! मंग अब्बा काय नेसला?"

सगळी खोली हसून लोळायची.

माझी धाकटी बहीण शालू तेवढी गप्प असे. घराबाहेर तिनं कधी तोंडच उघडलं नव्हतं. पहिलीत घालायला नेलं, तर नावसुद्धा सांगेना. "बोलायला लागली की आणा," हेडमास्तर म्हणाले. जून जवळ आला होता. बालवाडीत ती रोज एकच काढायची: कागदभर उभ्या रेघा.

"नुसता गिरगोटा आहे," मी म्हणाले.

"तुला काय ठावं, कॉलेजवाली!"

एक दिवस त्यातली एक रेघ मधेच संपली होती. राहिली असेल, असं वाटून मी पेन्सिलीनं ती पूर्ण केली. तुम्हीही केली असती, नाही का?

शालू किंचाळली, "न्हाय! तो तुटलाय!"

मी पेन्सिल खाली ठेवली. बाई तोवर फतकल मारून बसल्यासुद्धा होत्या. "मंग? फुडं काय झालं?"

"लूम थांबला."

"मंग?"

"बाबा आले. धाग्याला गाठ मारली. मग..." आणि शालू दोन्ही हात हलवत बाहेरच्या आवाजावर ओरडली, "खटाखट! खटाखट!"

बाबांचा डबा द्यायला आम्ही दोघी रोज कारखान्यात जायचो. तिनं सगळं पाहिलं होतं. मी फक्त डबा दिला होता.

"बाई, माझं खोडरबर द्या," मी म्हणाले. बाईंनी कमरेतून पाच-सहा काढली, त्यातलं माझं निवडलं. "घे. पन ह्ये एकदाच."

मी माझी रेघ पुसली आणि धावत घरी सुटले. "आई, शालू बोलली!"

जूनमध्ये तिनं हेडमास्तरांना नाव सांगितलं. आणि न विचारता लूमची गोष्टही.

पुढच्या वर्षी बालवाडीच्या त्या खोलीत लूम बसले. बाई पुन्हा दिसल्या नाहीत. आता बाबा तिथंच काम करतात. डबा द्यायला गेले की मी मागच्या भिंतीशी जाते. खळ पक्की निघाली. कापसाच्या धुळीखाली शालूचा कागद अजून आहे आणि तुटलेला धागाही. जवळून पाहिलं की त्याच्याखाली माझी पुसलेली रेघ पुसट दिसते.