पाचव्या फाऊलनंतर

शिट्टीभाऊ म्हणजे लाँड्रीतले इस्त्रीवाले. आठवडाभर परक्यांच्या कॉलरी सरळ करायच्या आणि रविवारी बास्केटबॉलच्या मैदानावर पंच म्हणून उभं राहायचं. आता पंचाचं कसं असतं बघा, जिंकलेले त्याला चहा विचारत नाहीत आणि हरलेले त्याचं तोंड बघत नाहीत. ते भाऊंच्या अंगवळणी पडलं होतं.

लेकीचं मौन मात्र नाही पडलं. लहानपणी अंगणात त्यांनीच तिला शिकवलं होतं, "फाऊल तुझा असला की हात वर करायचा, बाई. गुण लिहिणाऱ्याला दिसला पाहिजे. तोंड लपवायचं नाही." पुढे निवडीच्या सामन्यात तिचा पाचवा फाऊल त्यांनीच दिला. पाचवा म्हणजे खेळाबाहेर. तिने हात वर केला नाही, आणि तेव्हापासून बापाशी बोलणं आईमार्फत. "बाबांना सांग, जेवायला वाढलंय." मग आई गेली, आणि निरोप द्यायलाही कुणी उरलं नाही.

या रविवारी ती आली, ती शाळेच्या पोरींची कोच होऊन. भाऊंकडे न बघता बाकावर बसली. खेळ रंगात आला. तिची एक पोरगी बाणासारखी घुसली, पाय रोवून उभ्या असलेल्या मुलीच्या छातीवर आदळली आणि चेंडू जाळीत! शिट्टी. फाऊल धावणारीचा, बास्केट रद्द.

"अहो पंच, डोळे आहेत की शर्टाची बटणं?"

दुसरा कुणी भडकला असता. भाऊंना मात्र भरून आलं. किती वर्षांनी ती थेट त्यांच्याशी बोलली होती!

"बसा, मॅडम," त्यांनी ताकीद दिली. मनात मात्र, बोल गं, अजून बोल.

ती बोललीच. तरातरा मैदानात घुसली. "तुम्हाला नेहमी माझेच फाऊल दिसतात!"

भाऊंची शिट्टी ओठांशी अडली. वाजवली तर हा आवाज पुन्हा बंद. न वाजवावी तर समोरच्या पोरींनी कुणाकडे बघायचं? वाजवली. दोन्ही हातांनी इंग्रजी 'टी'ची खूण केली. टेक्निकल फाऊल, म्हणजे गैरवर्तनाचा, कोचवर. समोरच्यांना एक फ्री थ्रो.

ती बाकाकडे निघाली आणि मध्येच थांबली. कोचने हात वर करायचा असा काही नियम नाही. तिने केला. कोपर ताठ, तोंड गुण लिहिणाऱ्याकडे.

सामना संपला, पोरींची बस सुटली. भाऊंनी घरी येऊन कुलूप काढलं, एक कप चहा टाकला. शिट्टी खुंटीला अडकवायला हात वर गेला, तो त्यांनी बराच वेळ तसाच ठेवला.