मिलोची शेळी

दुष्काळाच्या त्या वर्षी रेशनवर परदेशी लाल मिलो मिळे. त्याच्या भाकरीला ओल्या गोणपाटाचा वास येई आणि घास तोंडात नुसता फिरत राही. माझे धाकटे दीर शाळेत चित्रकला शिकवीत. त्यांनी त्या धान्याला अखेर शोभेसे काम दिले. एक जुना फळा आडवा टाकून त्यावर दाण्यांची शेळी मांडली. उसन्या कॅमेऱ्याने एक चित्र टिपायचे, पाय दाणाभर सरकवायचा, पुन्हा टिपायचे. उन्हाळ्याची सारी सुट्टी ते उकिडवे बसून होते. गोष्ट एवढीच: शेळीला तहान लागते, ती पाणी शोधत निघते आणि तिला ते मिळते.

आपली शेळी चार माणसांपुढे चालावी, एवढीच भाऊजींची इच्छा होती; पण पडदा आणि प्रोजेक्टर होता तो नगरच्या एका कलामंडळाकडे. मंडळाच्या अध्यक्षांना चटकन समजलेली गोष्ट अपुरी वाटे.

"लाल रंग निवडलात. शोषितांचा हुंकार," फिल्म पाहून ते म्हणाले.

"मिलो आहे, सर."

"कलावंताला आपले प्रतीक कळलेच पाहिजे, असे नाही."

मी कवितेत एम.ए. केलेली. प्रतीकांशी माझा घरोबा होता, पण मिलोत मला एकही सापडले नव्हते. अध्यक्षांनी परवानगी दिली ती एका अटीवर: फिल्म चालू असताना भाष्य ते स्वतः करणार.

खेळाच्या संध्याकाळी सभागृहात घामाचा, अत्तराचा आणि तापलेल्या धुळीचा वास कोंडला होता. अध्यक्ष पडद्याच्या उजव्या अंगाला उभे राहिले आणि त्यांनी मानवी तृष्णेच्या उगमापासून आरंभ केला. ते वेदकाळातून बाहेर पडण्याआधीच तीन मिनिटांची फिल्म सरली. फिल्ममधले पाणी नेमके उजवीकडे होते. तिथे त्यांची भरघोस सावली पडली होती.

दिवे लागले. पाथर्डीहून लेकीकडे आलेल्या एका शेतकरीणबाईंनी विचारले, "शेळीला पानी घावलं का न्हाई?"

"तो प्रश्न महत्त्वाचा नाही, बाई."

"तुमाला नसंल. शेळीला हाय की."

सभागृह हसले. "परत लावा, परत लावा," मुलांनी गिल्ला केला. अध्यक्ष माझ्या शेजारी येऊन बसले. दुसऱ्या खेळाला केवळ यंत्राची घरघर होती. शेळी लंगडत, दाणे सांडत आली आणि तिने मान वाकवली.

"पी, बाई," मागून त्याच बाईंचा आवाज आला. या वेळी कोणी हसले नाही.

"आता ही नुसती शेळीच राहिली," अध्यक्ष खिन्नपणे म्हणाले.

मागे भाऊजी, कोणी सांगण्याआधीच, रीळ उलटे गुंडाळू लागले होते.