मामाने पारखलेली सायकल

आमच्या महाळुंग्याच्या मामासारखी नजर देवाने पुन्हा कुणाला दिली नसावी. त्याची हयात बैल पारखण्यात गेली आणि उरलेलं जगही तो त्याच नजरेने पारखत असे. टीव्ही घ्यायला गेला तर आधी त्याच्या पाठीवर थाप मारून बघे. माझ्या मावसबहिणीला बघायला आलेल्या मुलाला त्याने चहाच्या आधी अंगणात चालायला लावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "चाल बरी हाय. द्या पोरगी!" आम्ही लाजेने मेलो; पण तो संसार आजही इतका सुरळीत चाललाय की मामापुढे हात जोडावेत.

नव्वदच्या दशकात मला नारायणगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. सकाळची एसटी आमच्या बोरी गावाला भरून यायची आणि न थांबताच जायची. जुन्नरात एका चाचांची जुनी रेसिंग सायकल विकायची होती, खाली वळलेल्या हँडलची. वडील म्हणाले, "मामा हो म्हणला तर घेऊ. न्हाईतर कॉलेज ऱ्हाऊ दे." माझं सगळं शिक्षण असं मामाच्या डोळ्यांवर येऊन टांगलं.

मामाने सायकलीला लांबूनच एक फेरी मारली. चाक फिरवून त्याला कान लावला. मला रस्त्यावर पिटाळून मागून चाल बघितली. "शिंगं खाली वळल्याली हायेत, पण देखणी." मग वाकून चेनच्या चक्राचे दात पाहिले. "दात झिजल्यात राव. वय लई झालंय." तो चाचांकडे वळला.

"का इकताय, चाचा?"

"गुडघे गेले, पावणं. रोज घाट चढायचो हिच्यावर. आता नुसती भिंतीला उभी असती, बघवत नाय." बोलता बोलता चाचा सदऱ्याच्या टोकाने सीट पुसत होते.

मामाने ते पाहिलं आणि पिशवीतून बैलाचा कासरा काढला. "आमी घेतो!"

आमच्याकडे बैल विकणारा आपलं दावं देत नाही; घेणाऱ्याने आपला कासरा आणायचा असतो. चाचांनी सायकलीचं कुलूप पुढे केलं, तर मामाने ते परत त्यांच्या हातात ठेवलं. "दावं तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या." मी कपाळावर हात मारला. पुढे कॉलेज संपेपर्यंत माझी सायकल स्टँडवर कासऱ्याने बांधलेली असे. अख्खं कॉलेज हसलं, पण ती कधी चोरीला गेली नाही आणि वाटेत कधी बसलीही नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून मध्यंतरी मी सायकल विकायला काढली. गिऱ्हाईक आलं, टायर दाबून बघितले आणि विचारलं, "का विकताय, भाऊ?" मी खाली पाहिलं तर माझा हात शर्टाच्या टोकाने सीट पुसत होता. मामा तिथे असता तर त्याने तेव्हाच पिशवीतून कासरा काढला असता.