कंट्रोलताई

आमच्या लॅबमध्ये तिला सगळे कंट्रोलताई म्हणत. रुबेलाची, म्हणजे त्या गोवरासारख्या आजाराची चाचणी नीट चालली आहे ना, हे कळायला ज्याचा निकाल आधीच ठाऊक आहे असं एक खात्रीचं रक्त सोबत लावावं लागतं. गेली अठरा वर्षं ते तिचं होतं. "मशीन बिघडेल, ताई बिघडायची नाही," अशी आमची थट्टा चाले. ती हसायची नाही. मला वाटे, फार भाव खाते.

एकदा मी विचारलं, तुला रुबेला आठव्या वर्षी झाला, मग त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं रक्तात अजून कशी? नळ्यांना चिठ्ठ्या लावत ती म्हणाली, "प्रतिपिंडं महिन्या-दोन महिन्यांत विरतात गं. ती बनवणाऱ्या काही पेशी मात्र हाडांच्या आत, मज्जेत ठाण मांडून बसतात. शेजारच्या पेशी त्यांना जगवत राहतात. तिथून हलवल्या तर चार दिवसांत मरतील."

मग बाकीचंही तिच्या तोंडून निघालं. अंगभर पुरळ, आईनं घरात थांबायला बजावलेलं, आणि ही लांब बाह्यांचा फ्रॉक घालून काकीकडे पळाली. काकीला तिसरा महिना होता. चुलतबहीण जन्मली ती बहिरी. रुबेला पोटातल्या बाळाचे कान घेतो, हे ताईला इथे नोकरीला लागल्यावर समजलं. तेव्हापासून दर रविवारी ती काकीची कामं उपसायची. काकी कौतुक करू लागली की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"सांगून टाकू का गं?"

मी मोठी शहाणी. म्हणाले, "कशाला आता जुनी मढी उकरायची?"

गेल्या महिन्यात ती बहीण गरोदर राहिली. काकी तिला आमच्याकडेच तपासणीला घेऊन आली. ताईनं रिपोर्ट हातात ठेवला. "हिला जुनं संरक्षण आहे, काकी. रुबेलाची भीती नाही."

काकी बाकावर टेकली. "म्हणजे माझं पाप हिच्या लेकराला भोवणार नाही ना?"

"कसलं पाप?"

"तिसऱ्या महिन्यात ओकाऱ्या थांबेनात, म्हणून शेजारणीच्या गोळ्या खाल्ल्या मी. त्यांनीच हिचे कान गेले. हिच्या बापालाही कधी बोलले नाही."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते, पण तिनं काकीपुढे बसून सगळं सांगितलं.

 काकी म्हणाली, "आठ वर्षांची होतीस. त्याचं मी काही म्हणत नाही. पण इतकी वर्षं तुला ठाऊक होतं, आणि मला तू त्या गोळ्यांबरोबर एकटीला सोडलंस."

बहीण दोघींच्या ओठांकडे पाहत होती. तिनं हातानं मला विचारलं, काय झालं? मी मान खाली घातली.