मुठीचं गाडगं

माझी श्रद्धा एका अतिशय सभ्य गृहस्थांनी घालवली. शिवी नाही, टोमणा नाही. त्यांनी छत्री मिटून भिंतीला टेकवली, चटईच्या कडेवर बसले आणि एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाने पुढचे चार महिने माझी प्रार्थना बंद पडली. ती पुन्हा कशी सुरू झाली ते सांगायचं आहे. सांगताना मी स्वतःलाच हसणार आहे, तेवढं वाचणाऱ्यांनी सहन करावं. या वयात दुसऱ्या कुणाला हसलं की लोक रागावतात.

लढाईचे दिवस होते. रॉकेल आणि साखर रेशनवर, आणि आमच्या कोरड्या मुलखात जोंधळ्याचीही ओढ. मी एकोणीस वर्षांची, नगरला शिक्षिकेचं ट्रेनिंग पास झालेली, आणि जगात आपल्याला ठाऊक नाही असं काही उरलेलं नाही अशी माझी खात्री. जामखेडपासून चार कोसांवरच्या एका गावात मिशनच्या शाळेवर मला नेमलं. ख्रिस्ती वस्तीत एक लांबट खोली. आठवडाभर शाळा, रविवारी उपासना, आणि मागे पडदा लावून माझा संसार. ट्रंकेत दोन लुगडी, पवित्र शास्त्र आणि एक वही. जीव सगळा त्या वहीत. डाव्या पानावर लाल शाईने आक्षेप, उजव्या पानावर निळ्या शाईने उत्तर, आणि सगळ्यांना आकडे घातलेले. मुद्दा पहिला, देव एक की तीन? मुद्दा चौथा, देव मरतो कसा? मुद्दा सातवा, हा परक्यांचा धर्म. पाळकांच्या उपदेशांतून वेचून वेचून उतरवलेली उत्तरं. देवाला माझ्यासारखी वकील मिळाली, त्याने माझे आभार मानायचे तेवढे बाकी होते.

निघताना आजीने एक लहान गाडगं दिलं होतं. आमच्या घरी रीत अशी की स्वयंपाकाला धान्य काढलं की आधी एक मूठ त्या गाडग्यात टाकायची, मग बाकीचं जात्यावर. रविवारी गाडगं आमच्या ख्रिस्ती देवळात नेऊन रिकामं करायचं. ज्याची चूल पेटलेली नसेल त्याच्या घरी ते धान्य जायचं. आजोबांनी घालून दिलेली रीत. "मूठ विसरू नगंस," आजी म्हणाली. विसरले नाही मी, मला लाज वाटली. ट्रेनिंग झालेल्या बाईने काय मुठी काढत बसायचं! गाडग्याचं तोंड खडू ठेवायला अगदी बेताचं होतं. मी त्यात खडू ठेवले.

गावात वरच्या आळीला लोकल बोर्डाची शाळा होती. तिथले गुरुजी पन्नाशीचे, मृदू बोलणारे. कधी नकाशा, कधी पृथ्वीचा गोल मागायला येत. आमच्याकडे पाणी घेत नसत आणि त्याचं त्यांनाच अवघड वाटे, म्हणून दर वेळी न विचारताच सांगत, "आत्ताच पिऊन आलो, बाई." त्या दिवशीही तेच सांगून बसले.

"बाई, तुमचा धर्म चांगलाच असेल," ते म्हणाले. "पण साहेबाबरोबर आलेला. आपल्या मातीतला नव्हे."

मुद्दा सातवा! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. "गुरुजी, मिरचीसुद्धा जहाजातूनच आली म्हणतात. मग ठेचा परका म्हणून टाकून देता का?"

गुरुजी मनापासून हसले. "नाही बुवा. ठेच्याशिवाय घास उतरत नाही. हा मुद्दा तुमचा. आता एक विचारू? रागवायचं नाही. तुमच्या घरात हा धर्म पहिल्यांदा कुणी घेतला?"

"आजोबांनी."

"मोठ्या दुष्काळात का? लोक म्हणतात, मिशनने जोंधळा वाटला तेव्हा बरीच घरं तिकडे गेली. खरं काय ते तुमच्याकडूनच ऐकावं म्हटलं."

या मुद्द्याला वहीत आकडा नव्हता. मी तो लिहिलाच नव्हता, कारण त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. जोंधळ्यासाठीच. मी म्हणाले, "छे! आमच्या आजोबांनी तीन वर्षं शास्त्राचा अभ्यास केला. दोन्हीकडचे ग्रंथ वाचले, ताडून पाहिले, मग बाप्तिस्मा घेतला."

"अरे वा. त्या काळी! कुठल्या शाळेत शिकले?"

माझे आजोबा अंगठा करत. महारवाड्यातल्या पोराला त्या काळी शाळेची पायरी कोण चढू देणार होतं? मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले, जणू शाळेचं नाव समोरच्या लिंबावर लिहिलेलं होतं. गुरुजींना कळलं. त्यांनी छत्री उचलली. "येतो, बाई. नकाशा शनिवारी पोचवतो." त्यांनी मला पकडलं असतं तर मी भांडले असते. त्यांनी सोडून दिलं, ते जिव्हारी लागलं.

खोटं बोलल्याचं पाप मला फारसं बोचलं नाही, खरं तेच सांगते. बोचत होतं ते वेगळंच. जे झाकावंसं वाटतं ते खरं कसं असेल? कुणे एके काळी एका भुकेल्या माणसाला पायलीभर जोंधळ्याने विकत घेतलं, आणि त्यावर माझा बाप्तिस्मा, माझी गीतं, माझी वही असा सगळा इमला. पाया जोंधळ्याचा. सकाळी मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेताना ओठ हलत, आत सगळं बंद. मी मनाशी ठरवलं की उत्तर मिळेपर्यंत देवाशी बोलायचं नाही. देव किती घाबरला असेल!

चार महिन्यांनी मी राजीनामा लिहिला. त्यातही कारणांना आकडे घातले होते. मिशनचे साहेब जामखेडला दौऱ्यावर यायचे होते. त्यांच्या हातात तो देऊन तशीच नगरला जायचं, आणि देवाधर्माचं नाव पुन्हा काढायचं नाही, असा बेत. चैत्रातली सकाळ. मी रागाने जेवले नव्हते. राग कुणावर, ते काही ठरलेलं नव्हतं. दोन कोस चालले असेन. ऊन असं की पायाखालची माती चपलेतून भाजावी, आणि मला हुडहुडी भरली. दात वाजू लागले. एका बाभळीखाली बसले, पिशवी उशाला घेतली, एवढं आठवतं.

डोळे उघडले तेव्हा दुपार कलली होती. अंगावर घोंगडी, वर धुरकटलेलं छप्पर, पलीकडे थंड चूल. भिंतीवर देवाची तसबीर, तिला ताजं कुंकू. शेजारी मोकळ्या कपाळाची, पंचेचाळिशीची एक बाई बसली होती. माझ्या ओळखीची कुणी नव्हे; शेतातल्या वस्तीवरची, कुणब्याची.

"उठली का, पोरी? पडून ऱ्हा. हिवताप हाय. पानी पी."

तांब्या तिच्या घरातला. मी घटाघटा प्यायले. तहानेला जातपात सुचत नाही, ती तांब्या रिकामा झाल्यावर सुचते. मी घराच्या आत, चुलीपाशी होते. मी कोण हे या बाईला कळलं तर? ती चूल पेटवायला उठली. त्या वर्षी बऱ्या घरांच्याही कणग्या तळाला गेल्या होत्या. तिने कणगीला हात लावला नाही. उतरंडीमागून एक लहान गाडगं ओढलं आणि त्यातला जोंधळा जात्यावर भरडायला घेतला, कण्या करण्यासाठी.

मी विचारलं, "मावशी, ते गाडगं कसलं?"

"मुठीचं." जातं थांबलं नाही. "माज्या सासूची रीत हाय. दळाया बसलं की आदी एक मूठ ह्येच्यात. दारात कोन भुकेलं आलं की त्येला. मोठ्या दुस्काळात सासू तळ्याच्या कामावर खडी फोडाया हुती. काखंत माजा नवरा, सा म्हयन्याचा. आंगात दूध न्हाई, प्वार निस्तं कन्हायचं. शेजारी म्हारवाड्यातला एक गडी खडी फोडायचा. त्येला पादरीसायबाकडनं जोंधळा मिळायचा. रोज सांजच्याला त्यातली एक मूठ काढायचा न् सासूच्या पदरात टाकायचा. सासू म्हनली, बाबा, कशी फेडू रं? तर म्हनला, मला देनाऱ्यानं फेडाया सांगितलं न्हाई. तुज्या दारात कोन आलं तर त्येला घाल. त्या मुठीवर माजा नवरा जगला, पोरी. लई सालं जगला."

"त्या माणसाचं नाव काय होतं?"

"कुनाला ठावं! मूठ टाकताना डोळं मिटून त्योच कुनाचं तरी नाव घ्यायचा म्हनं. सासूला ते बी ध्यानात न्हाई. भुकेल्या मानसाला नाव कुठलं ऐकू येतंय?"

तिने कण्या ताटलीत वाढल्या, वर मीठ टाकलं. मी घास उचलला आणि तसाच धरून बसले. चार महिन्यांपूर्वी एका सभ्य माणसाशी खोटं बोलले होते. या बाईशी गप्प राहूनही खोटंच होणार होतं. शेवटी धीर केला. "मावशी, मी ख्रिस्ती आहे. आमचं घर मूळचं महारवाड्यातलं."

"ठावं हाय की."

"कसं?"

"सकाळधरनं येशू येशू करतीयास. न् मदीच 'मुद्दा सातवा, मुद्दा सातवा' म्हनून वराडत हुतीस. मला वाटलं, जमिनीचा खटला हाय का काय तुमचा."

जिने देवाशी अबोला धरला होता तिची ही कथा. शुद्ध गेल्याबरोबर अबोला सुटला होता.

"मग मला आत का घेतलंत?"

"मग काय गोठ्यात टाकू? गोठ्यात गोमाशा लई." मग जरा ओशाळून म्हणाली, "व्हय गं, चूल इझलेली हुती. काडी धरंना. तुज्या पिशवीत कागूद घावला, त्योच घातला. कामाचा हुता का?"

चुलीत राजीनाम्याची काळी घडी अजून दिसत होती. त्याच जाळावर माझ्या कण्या शिजल्या होत्या.

"नाही," मी म्हणाले. "कामाचा नव्हता."

"मग खा. निवतंय."

तो गडी माझे आजोबा होते का? आजोबा तळ्याच्या कामावर खडी फोडत होते, इतकं मला माहीत आहे. तिथे हजारो माणसं होती, हेही माहीत आहे. मी पुढे शोध घेतला नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' येऊ शकतं तो विचारायचा नाही, इतकी लबाडी म्हातारपणाने मला शिकवली आहे. घडलं ते सांगितलं. पटवून द्यायची माझी वही केव्हाच वाळवीने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने मला बांधापर्यंत पोचवलं. जामखेडची वाट उजवीकडे होती, मी डावीकडे वळले. चालताना आजीची एक जुनी कुरकुर आठवली. लहानपणापासून शंभरदा ऐकलेली, कधी कान देऊन न ऐकलेली. दुष्काळ सरला, मिशनचा जोंधळा बंद झाला. गावाने आजोबांना निरोप धाडला, झालं गेलं विसरू, परत ये, तुझं बलुतं तुला चालू. सुगीला खळ्यावरून मिळणारा पिढ्यानपिढ्यांचा वाटा तो. आजोबा गेले नाहीत. वाटा गेला. "एका सालाच्या जोंधळ्यापायी जन्माचा जोंधळा घालवला म्हाताऱ्यानं," आजी चिडून म्हणायची आणि म्हणता म्हणता गाडग्यात मूठ टाकायची.

शनिवारी गुरुजी आले. बसायच्या आतच मी सुरू केलं. "गुरुजी, मी खोटं बोलले. आजोबांना अक्षर येत नव्हतं. ते जोंधळ्यासाठीच गेले."

"असू द्या, बाई. मी विचारायला नको होतं."

"विचारलंत ते बरं केलंत. आता ऐकून घ्या. वासरू दुधासाठी गायीकडे जातं, म्हणून ती त्याची आई नव्हे असं कुणी म्हणतं का? आमच्या प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतसुद्धा रोजची भाकर आधी मागायची, पापांची क्षमा त्यानंतर. भुकेची लाज त्याला वाटली नाही, मला वाटली."

गुरुजींनी विचार केला. "पण बाई, उपाशी माणसाच्या हातावर धान्य ठेवताना त्याचा धर्म मागावा का?"

"कुणी मागितला असेल तर मागणाऱ्याचं चुकलं. ते मी झाकणार नाही. पण माणूस कशासाठी आला यावरून एवढंच कळतं की तो भुकेला होता. पोट भरल्यावर तो का राहिला, ते पाहा." आणि मी बलुत्याचं सांगितलं.

"म्हणजे राहण्यात तोटा होता," गुरुजी सावकाश म्हणाले.

"जन्माचा."

गुरुजींनी छत्री जवळ ओढली. मग हसून म्हणाले, "मी काही तुमच्या उपासनेला येणार नाही हो."

"नका येऊ. खोली लहान आहे, आमचीच माणसं मावत नाहीत."

उठताना सवयीने म्हणाले, "आत्ताच पिऊन..." आणि तिथेच थांबले. पाणी प्यायले नाहीत. पण वाक्यही पुरं केलं नाही. त्या दिवशी आम्ही दोघांनी एकेक खोटं टाकलं, असं मी समजते.

ते गेल्यावर मी गाडग्यातले खडू पाटीवर ओतले आणि पहिली मूठ टाकली. गाडगं पुसायचं मात्र राहिलं. पुढच्या रविवारी ते धान्य वस्तीतल्या एका म्हातारीकडे गेलं. सोमवारी ती दारात उभी. "सलाम, बाई. भाकर गोड लागली. पर जोंधळा कुठला म्हनायचा? समदा पांढरा फेक!"

मला वाटत होतं की मी देवाला धरून ठेवलं आहे, माझ्या निळ्या शाईच्या जोरावर. मी हात सोडला आणि बाभळीखाली पडले, तेव्हा कळलं की धरणारी मी नव्हतेच. तेव्हापासून त्याची वकिली मी सोडली. त्याची अशील म्हणून बरी आहे. कुणी शंका विचारली तर जमेल तेवढं सांगते, नाही जमलं तर ठाऊक नाही म्हणते. आणि मूठ काढते. काढताना डोळे आपोआप मिटतात, ओठांवर त्याचं नाव येतं, ते मी हळूच घेते. समोर कुणी भुकेलं उभं असलं तर मावशीचे शब्द आठवतात, भुकेल्या मानसाला नाव कुठलं ऐकू येतंय? आधी मूठ, मग नाव.