एक पायली परत

चामोर्शीच्या आठवडी बाजारात भांडी विकणारा तो माणूस घागर देण्याआधी ती बोटाने वाजवून कान लावून ऐकायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. "पुढच्या बाजारी भाव उतरला तर फरक परत देईन, बाई," असं म्हणत त्याने मला तीन पायल्या धानाला एक घागर दिली. आठ दिवसांनी नवा माल आला आणि तशाच घागरी दोन पायल्यांना जाऊ लागल्या. मी नवी सून. "ठकून आली!" म्हणून सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. मी भांडण पाठ करूनच बाजार गाठला.

"भाऊ, पायलीभर धान वापस पाहिजे मले!"

त्याने वाद घातलाच नाही. मागचं पोतं ओढून पायली शिगोशीग भरली. "तुमचंच हाये, बाई. शब्द देला का मी त्या धानाले आठ दिवस हात लावत नाई."

माझं तोंड एवढंसं झालं. त्या धानात ओंजळ-ओंजळ फोल मीच मिसळलं होतं.

घरी सासूबाईंनी पाखडलं तर निम्मं उडालं. "कोन्या लुच्च्याचं धान हाये व हे?"

लुच्ची त्यांच्यासमोर बसून फोल झाडत होती.