पाच बादल्या, पाच विटा

बोर्डाच्या भिंतींच्या कामावरचे किस्से बादलीच्या कडेला साचणाऱ्या मसाल्यासारखे असतात. कितीही खरवडा, एक पापुद्रा राहतोच. मी शिकले सातवीपर्यंत, पण एवढे लिहिता येतील. बहुतेक किश्शांत मी घाबरलेलीच आहे, हे आधीच सांगते.

ते दुष्काळाचं वर्ष. निलंग्याकडं नवा जिल्हा होणार अशी हवा उठली आणि एका शेठनं ऑफिसं बांधायला काढली. आत जिप्सम बोर्डाच्या भिंती, त्यांच्या सांध्यात भरायचा मसाला. तळमजल्यावरच आमचा मुक्काम: मी, आमचे हे, दोन वर्षांची पिंकी, मिस्त्री उस्मानभाई आणि पाणी भरणाऱ्या शेवंताकाकू.

*

मसाला कालवायला ड्रिलला लोखंडी दांडा लावतात. मी त्याला रवीच म्हणायचे. टँकर आठवड्यातून एकदा, म्हणून मसाला ओढायच्या लोखंडी पत्त्या धुतलेलं पांढरं पाणी मी वाचवलं आणि त्यातच नवा मसाला कालवला. जुन्या मसाल्याचा कण पडला की नवा लगेच आवळतो, हे मला कुठं ठाऊक? पाच मिनिटांत रवी बादलीत उभीच्या उभी गच्च! बादली हाताला गरम लागत होती.

उस्मानभाईंनी रवीला धरून अख्खी बादली उचलली. "ताई, तुमचं लोणी लई घट्ट निघालं."

सगळे हसले. मी पिंकीच्या बोटांकडं बघत होते.

*

तेव्हापासून प्रत्येक बादलीवर मी बोर्डाचा तुकडा ठेवायचे, त्यावर वीट. यांना मसाला हवा की आधी वीट उचला. एकदा वैतागून म्हणाले, "पाच बादल्या, पाच विटा. मी भिंती करून राहिलो का विटा वाहून राहिलो?"

मी म्हटलं, पोर मोठी होईपर्यंत विटाच वाहा.

*

काकू पिण्याचं पाणी पेल्यानं मोजून द्यायच्या. एकदा मी त्यातल्या पेलाभर पाण्यानं पत्ती विसळली. काकूंनी बघितलं.

"पत्तीला तहान लागली व्हय गं?"

दोन दिवस माझ्या वाट्याला एक पेला कमी.

*

मग एका आठवड्याला टँकर आलाच नाही. सगळ्यांत मिळून काकूंचा एक माठ उरला.

दुपारी भाकरी थापून वळले, तर पांढऱ्या पाण्याच्या बादलीवरची वीट खाली. आमचे हे परत ठेवायला विसरले होते. पिंकी कुठं दिसेना. बादलीचा तळही दिसत नव्हता. मी कोपरापर्यंत हात घातला. बोटांना काहीतरी मऊ लागलं. वर ओढलं तर यांचं फाटकं बनियन.

तेवढ्यात भिंतीमागून खर्र खर्र आवाज आला.

पिंकी उस्मानभाईंची रुंद पत्ती घेऊन सांधा भरत होती, हात पोचेल तिथपर्यंत. केसांत मसाला, गालांवर मसाला, पापण्यांवरसुद्धा.

उस्मानभाई म्हणाले, "काम साफ हाय पोरीचं." या वेळी कुणी हसलं नाही. मसाला आवळत होता. धुवायला फक्त ते पांढरं पाणी, आणि त्यानं काय होतं ते मी बघितलं होतं.

मी काकूंकडं बघितलं. मागायची हिंमत होईना.

काकू उठल्या. माठ उचलून आणला आणि पिंकीच्या डोक्यावर हळूहळू सगळा ओतला. मी पापण्या पुसत गेले. शेवटचा थेंब पडल्यावर माठ पालथा ठेवून काकू म्हणाल्या,

"तिच्या हातातली पत्ती बी धुतली बघ. तिला बी तहान लागली असंल."